शेवट माहीत असूनही

मुंबईहून आग्र्याला जाणारा रस्ता नाशिक, चांदवड मागे टाकतो, गिरणा आणि मोसम ओलांडून मालेगावातून जातो आणि धुळे, शिरपूर, सेंधवा करत इंदूर-देवासकडे निघतो. महामार्गाचे क्रमांक बदलले, गावाबाहेरून वळणरस्ता झाला, तरी आम्हा मालेगावकरांसाठी तो आग्रा रोडच आहे. या पुस्तकातल्या बऱ्याचशा आवडी मला या रस्त्यानं आणून दिल्या. त्याच्या मुंबईच्या टोकाला बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा निघाल्या आणि वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची कांचनजंगा इमारत उभी राहिली. वरच्या अंगाला इंदुरात बाळकृष्ण दोशींची अरण्य वसाहत आहे आणि तिथून थोडं पुढं कुमार गंधर्वांचं देवास. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेतून निघालेली विणकर कुटुंबं मालेगावात येऊन स्थिरावली. त्यांच्याबरोबर उर्दू आली. आणि गावात उर्दू वाचणारा मोठा वर्ग होता, म्हणूनच पुढं अलाहाबादेत छापल्या जाणाऱ्या इब्ने सफींच्या कादंबऱ्यांना इथं घर मिळालं.

हे पुस्तक तीन आवडींचं आहे. पहिली आवड अनवट रागांची आणि मैफलीच्या मांडवाबाहेर राहिलेल्या लोकसंगीताची. दुसरी जुन्या रहस्यकथांची आणि रहस्यपटांची. तिसरी स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे उभ्या राहिलेल्या आधुनिक इमारतींची. या तिन्हींना एका पुठ्ठ्यात बांधायचं कारण काय, असं वाचक विचारणारच. लेखकाला आवडतात म्हणून, एवढं उत्तर पुरेसं नाही. आपली आवड चारचौघांसमोर मांडायची तर तिची कारणं द्यावी लागतात, असं मी मानतो. या प्रस्तावनेत ती देतो.

गाणं, रहस्यकथा आणि इमारत या तिन्ही गोष्टी एका नजरेत हाती लागत नाहीत. त्यांच्यातून चालत जावं लागतं, आणि त्या वाटेवर करणाऱ्यानं काहीतरी मागं ठेवलेलं असतं. गवई समेवर येणं लांबवतो. कथाकार खुनी कोण ते सांगत नाही. वास्तुरचनाकार बुटक्या, सावलीच्या वाटेनं नेऊन मग एकदम उघड्या चौकात आणतो. ऐकणारा, वाचणारा आणि चालणारा, तिघेही वाट पाहत असतात. ही वाट पाहायला लावण्याची कला हा या पुस्तकाचा खरा विषय आहे.

म्हणूनच निवड करताना एक कसोटी लावली. शेवट माहीत झाल्यावरही पुन्हा तिथं जावंसं वाटलं पाहिजे. खुनी कळल्यावर जी कथा गळून पडते, ती इथं नाही. एकदा छायाचित्र काढलं की जिच्यात पाहण्यासारखं काही उरत नाही, अशी इमारतही नाही. पहिल्या भेटीत गोष्ट काय आहे ते कळतं. ती कशी रचली आहे ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत दिसू लागतं, आणि प्रेम बसतं ते या रचनेवर.

पहिल्या भागाची सुरुवात जयपूर-अत्रौली घराण्यापासून होते. अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा. शाहू महाराजांच्या आश्रयानं ते कोल्हापुरात आले आणि त्यांची गायकी महाराष्ट्राच्या मातीत रुजली. तरुणपणी त्यांचा आवाज बसला होता. बदललेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. लयीला घट्ट धरून स्वरांची वळणं एकमेकांत गुंफत जायचं, असा तिचा घाट आहे. या घराण्यानं अनवट रागांचा मोठा साठा सांभाळला. खोकर, सावनी, बिहागडा, नट कामोद, बसंती केदार, रायसा कानडा ही त्यातली काही नावं.

अनवट राग माझ्या आवडीचे का, याचं कारण वरच्या कसोटीत आहे. यमन किंवा भूप आपल्या कानात मुरलेला असतो. गवई कुठून कुठं जाणार याचा अंदाज बांधता येतो, आणि त्या अंदाजात सुख असतं. अनवट रागात तो आधार निसटतो. बसंती केदारात बसंत ओळखू येतो न येतो तोच केदार समोर उभा राहतो, आणि दोघांची गाठ कुठं मारली ते पुन्हा ऐकल्याशिवाय कळत नाही. संपूर्ण मालकंसाचं उदाहरण सर्वांत सोपं आहे. मालकंस पाच स्वरांचा राग, रिषभ आणि पंचम त्यात वर्ज्य. संपूर्ण मालकंसात हे दोन्ही स्वर येतात. मालकंस ज्याच्या कानात बसला आहे, तो पहिला पंचम ऐकून चमकतो. दहाव्यांदा ऐकताना तो चमकत नाही. आता तो त्या पंचमाची वाट पाहतो, आणि तो कधी व कुठून येतो याकडं त्याचं लक्ष लागून राहतं.

या घराण्याच्या दोन थोर गायिका गोव्याच्या. केसरबाई केरी गावच्या आणि मोगूबाई कुर्डीच्या. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं कुर्डी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पुन्हा दिसू लागतं. केसरबाईंनी गायिलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली. दुसरं यान निघाल्यावर काही दिवसांतच, त्याच सप्टेंबरात, त्यांचं निधन झालं. मल्लिकार्जुन मन्सूर कर्नाटकातले. मंजी खाँ आणि बुर्जी खाँ या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडून त्यांना ही विद्या मिळाली, आणि उतारवयापर्यंत ते हे आडवाटेचे राग मैफलीत गात राहिले. दुर्मीळ राग ऐकवून चकित करावं असा आव त्यांच्या गाण्यात नाही. खोकरही ते इतक्या मोकळेपणानं गातात की ऐकणाऱ्याचं दडपण जातं.

कुमार गंधर्वांवरचा लेख मोठा झाला आहे. तो मी आवरता घेतला नाही. क्षयाच्या आजारात कोरडी हवा मानवेल म्हणून कुमार १९४८ च्या जानेवारीत देवासला आले. काही वर्षं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी त्यांच्या कानावर येत होती. त्यातल्या धुना त्यांनी टिपून ठेवल्या. शास्त्रीय रागांची मुळं लोकधुनांत आहेत, हा विचार त्यातून पक्का झाला. माळवती, संजारी, लगनगांधार, अहिमोहिनी, सहेली तोडी असे राग त्यांनी रचले, आणि १९६५ साली त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. कुमारांचं नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांची निर्गुणी भजनं घरोघर ऐकली जातात. त्यांनी रचलेले हे राग मात्र त्या मानानं फार थोडे लोक ऐकतात, म्हणून या पुस्तकात त्यांना जागा दिली.

माळव्यातल्या धुनांचं मोल कुमारांमुळं कळलं. मग आपल्या अंगणात काय वाजतंय ते का ऐकू नये? श्रावणात खानदेशात कानबाई बसते. रविवारी स्थापना, रोटाचा स्वयंपाक, रात्रभर अहिराणी गाणी आणि सोमवारी विसर्जन. मार्गशीर्षात बागलाण, कळवण, सुरगाण्याच्या डोंगराळ भागात आदिवासींचा डोंगऱ्यादेव असतो. व्रत घेतलेले माऊली गावोगाव फिरतात, फेर धरून नाचतात, आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरावर उत्सवाची सांगता होते. या साऱ्याला आधार असतो पावरीचा. वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या घेऊन केलेलं हे वाद्य श्वास न तोडता वाजवतात. पावरीकरानं चाल बदलली की फेरातल्या सगळ्यांची पावलं बदलतात. नाचणाऱ्यांचे कान पुढच्या बदलाकडं लागलेले असतात. मालेगावपासून काही तासांच्या अंतरावर हे सारं घडतं, आणि आपल्या शहरी संगीतरसिकांपैकी फार थोड्यांनी पावरी प्रत्यक्ष ऐकली आहे.

दुसरा भाग रहस्यकथांचा. मराठीत या वाङ्मयाला समीक्षेनं फार काळ उंबरठ्याबाहेर ठेवलं. वाचकांनी तसं केलं नाही. गोविंद नारायण दातारशास्त्रींच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर एक पिढी पोसली गेली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावं वर्गणीच्या वाचनालयात येणाऱ्या मुलांना पाठ होती. अर्नाळकरांची भाषा सरळ, वाक्यं छोटी, प्रकरणाच्या शेवटी पान उलटायला लावणारी. पुस्तक हातात धरून वाचत राहण्याची सवय त्यांनी लाखो मराठी माणसांना लावली. एवढं एक काम ज्यानं केलं, त्याला वाङ्मयाच्या इतिहासात मानाचं पान मिळायला हवं.

पुढं गुरुनाथ नाईक आले. सुहास शिरवळकर आले, त्यांचा दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास आला. शशी भागवतांनी ‘मर्मभेद’सारखी राजवाड्यांतल्या कटकारस्थानांची मोठी कादंबरी लिहिली. नारायण धारपांनी भयकथेला मध्यमवर्गीय घरात आणलं. धारपांच्या कथेत आधी घर येतं, भाड्याची बोलणी येतात, जिना, खोल्या, शेजारी येतात. सगळं इतकं ओळखीचं की आपण निर्धास्त होतो. भीती त्यानंतर येते. हा उशीर मोजून केलेला आहे. धारपांची कथा पुन्हा वाचताना त्या भाड्याच्या बोलण्यांतच पुढच्या संकटाची पहिली खूण सापडते, आणि लेखकाच्या संयमाला दाद द्यावीशी वाटते.

मालेगावात रहस्यकथांची दुसरी धार उर्दूतून आली. इब्ने सफी १९२८ साली अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावी जन्मले. १९५२ साली त्यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण कादंबऱ्या अलाहाबादेतूनही निघत राहिल्या. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद, आणि १९५५ पासून इम्रान, ही पात्रं सीमेच्या दोन्ही बाजूंना घरची झाली. हिंदीत फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. १९६० ते १९६३ या काळात आजारपणामुळं सफींची लेखणी थांबली. मग ‘डेढ मतवाले’ घेऊन ते परतले, तेव्हा वाचक त्यांची वाटच पाहत होते. देवासचे कुमार आणि कराचीचे सफी या दोघांच्या आयुष्यात आजारपणानं आलेलं हे मौन आणि त्यानंतरचं पुनरागमन मला फार मोलाचं वाटतं. दोघंही परतले ते आपल्या कलेवर अधिक पक्की पकड घेऊन.

सफींच्या लेखनात हिंसा दाखवण्याची हौस नाही. बुद्धी, विनोद आणि कायद्यावरची निष्ठा यांवर त्यांची कथा चालते. त्यांच्यावर वाढलेल्या वाचकांची उर्दू चांगली राहिली, हे मालेगावातल्या कुणाही जुन्या वाचकाला विचारावं. २०२१ च्या डिसेंबरात राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा मालेगावात भरला, तेव्हा या गावाची वाचनाची भूक बाहेरच्यांनाही दिसली. मराठी वाचकांसाठी सफींवरचे दोन लेख मुद्दाम लिहिले आहेत. एकाच गावात दोन लिप्यांत दोन रहस्यपरंपरा नांदतात आणि एकीच्या वाचकाला दुसरीचा पत्ता नसतो, ही दरी बुजवण्याचा तो एक छोटा प्रयत्न आहे.

रहस्यपटांमध्ये राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) मी सर्वांत वर ठेवतो. पत्नीच्या मृत्यूचं दुःख उरात असलेल्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि मीच तुमची पत्नी असं सांगते. दोन वर्षांनी राज खोसला यांनी याच कथेवर हिंदीत ‘मेरा साया’ काढला. ज्यांना ‘मेरा साया’ तोंडपाठ आहे त्यांनी ‘पाठलाग’ अवश्य पाहावा. शेवट आधीच माहीत असेल, आणि तरी प्रत्येक उलटतपासणीत मन कुणाच्या बाजूला झुकतं ते पाहावं. हिचकॉकनं त्रुफोशी बोलताना हा फरक फार नेमका मांडला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटानंतर काही क्षणांचा धक्का बसतो. ते आधी सांगून ठेवलं तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही श्वास रोखून ऐकल्या जातात. आमच्या कसोटीला जागतिक सिनेमातून मिळालेला हा आधार आहे. माहिती असल्यानं रस मरत नाही. रचना कच्ची असेल तर मरतो.

तिसऱ्या भागाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण आधुनिक इमारतींवर मराठीत सर्वसामान्य वाचकासाठी फार कमी लिहिलं गेलं आहे. काँक्रीटच्या पेट्या, अशी त्यांच्याबद्दलची सरसकट समजूत आहे. ती दूर व्हावी म्हणून हा भाग ऊन, वारा आणि पाऊस यांच्या अंगानं लिहिला आहे. मालेगावचा पारा उन्हाळ्यात त्रेचाळीस अंशांच्या पुढं जातो. मे महिन्यात गच्चीवर झोपणाऱ्या माणसाला उघड्या आभाळाखालची जागा हीसुद्धा घराची एक खोली असते, हे वेगळं शिकवावं लागत नाही. चार्ल्स कोरिया जन्मभर हेच सांगत होते.

त्यांची कांचनजंगा ही मुंबईतली अठ्ठावीस मजली इमारत १९८३ साली पूर्ण झाली. प्रवीणा मेहता त्यांच्या सहकारी होत्या आणि बांधणीचे अभियंते शिरीष पटेल. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही तिकडंच दिसतो. मात्र दुपारचं तापतं ऊन आणि पावसाचे सपकारेही त्याच दिशेनं येतात. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता. कोरियांनी तो व्हरांडा उचलून उंच इमारतीत नेला आणि कोपऱ्या-कोपऱ्यात दोन मजले उंचीच्या बागगच्च्या कोरल्या. इमारत खासगी आहे, आत जाता येत नाही. पण रस्त्यावरून त्या कोरलेल्या कोपऱ्यांकडं बघताना हा सारा युक्तिवाद वाचता येतो.

पुण्याचं आयुका मला याहून जवळचं. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या या संस्थेचं संकुल कोरियांचं. तिथल्या भिंतींत खाली काळा बेसाल्ट, त्यावर कडप्पा आणि वर चकाकता काळा ग्रॅनाइट, असा काळेपणा चढत जातो आणि शेवटी त्या काळ्या पृष्ठभागात आभाळाचे ढग उमटतात. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. खगोलशास्त्राची संस्था आहे हे सांगायला पाटीची गरज पडत नाही. भुईकोट किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या मालेगावकराला काळा दगड नवा नाही. तोच दगड इतक्या नव्या अर्थानं वापरता येतो, हे पाहणं मोठा आनंद देतं.

बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी आठ मीटर लांब-रुंद चौकाभोवती सात-सात घरं मांडली. शेजारच्या घराशी सामायिक भिंत ठेवली नाही, म्हणजे प्रत्येकाला ऐपतीप्रमाणं आपलं घर वाढवता येईल. इंदूरची अरण्य वसाहत याच्याही पुढं जाते. पुण्यात जन्मलेल्या आणि २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय ठरलेल्या दोशींनी तिथं साडेसहा हजारांच्या आसपास घरांचं नियोजन केलं. गरिबातल्या गरिबाला भूखंड, जोतं, संडास-न्हाणी आणि पाणी-विजेची सोय द्यायची. पुढचं घर त्यानं स्वतः बांधायचं. नमुना म्हणून ऐंशी घरं बांधून दाखवली. १९९५ साली या प्रकल्पाला आगाखान पुरस्कार मिळाला. इथं वास्तुरचनाकारानं शेवटच लिहिला नाही, तो राहणाऱ्यांवर सोपवला. बेलापुरात बरीच मूळ घरं पाडून लोकांनी नवी बांधली आहेत. त्याचं दुःख करावं की ती कोरियांच्याच विचाराची परिणती मानावी, यावर एक सबंध लेख आहे.

कापडाच्या गावात राहून अहमदाबादकडं पाहिलं नाही तर हा भाग अपुरा राहील. स्वातंत्र्यानंतरची तिथली बरीचशी आधुनिक वास्तुकला कापडाच्या पैशावर उभी राहिली आहे. ल कॉर्बुझिएची गिरणीमालक संघाची इमारत १९५४ सालची. पश्चिमेकडं उन्हाला अडवणारे तिरके काँक्रीटचे पडदे आणि रस्त्यावरून थेट वरच्या मजल्यावर नेणारा लांब उतार. त्या उतारावरून चढताना इमारत हळूहळू समोर येत जाते. त्याच शहरात वस्त्रोद्योगाच्या संशोधन संस्थेची, अटिराची, इमारत अच्युत कानविंदे यांनी बांधली. कानविंदे सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले आणि मग हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली गेलेले. आयआयटी कानपूरचं संकुल त्यांचंच. मराठी मुलुखातला एवढा मोठा वास्तुरचनाकार मराठी वाचकाला नावानंही ठाऊक नसावा, हे मला खटकतं. त्यांच्यावरचा लेख या भागाच्या आरंभी ठेवला आहे.

गावातल्या लूमच्या कारखान्यात शेकडो माग एका वेळी खडखडत असतात. नवख्याला तो नुसता गोंगाट वाटतो. कारागिराला मात्र त्यातल्या एका मागाचा बदललेला आवाज लगेच कळतो आणि तो धागा जोडायला उठतो. अनवट राग ऐकणं, रहस्यकथा पुन्हा वाचणं किंवा इमारतीतून सावकाश चालणं यांना लागणारं लक्ष याच जातीचं आहे. त्यासाठी मोठ्या शहरात जन्मावं लागत नाही, की कुणाची परवानगी लागत नाही.

मालेगावनं आवडीचं काय करायचं असतं ते साऱ्या देशाला दाखवलं आहे. शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांना सिनेमा आवडत होता, तर त्यांनी तो स्वतः बनवला. २००० साली ‘मालेगाव के शोले’ आला. सायकल, बैलगाडी, हाताशी असेल ते घेऊन त्यांनी कॅमेरा हलवला, क्रेनची उंची गाठली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटानं ते काम जगभर नेलं, आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ साली चित्रपटगृहांत आला. ज्यांनी आवडत्या सिनेमाचे धागे सुटे करून पुन्हा विणले, त्यांना सिनेमाची रचना कुणाही पंडिताइतकी समजली होती. या पुस्तकात मी सिनेमा बनवला नाही. पण रचना समजून घेण्याचा त्यांचा बाणा माझ्यापुरता उचलला आहे.

पुस्तक कसं वाचावं, याबद्दल थोडं. तिन्ही भाग सुटे आहेत, कुठूनही सुरुवात करता येईल. रहस्यकथांचे शेवट कुठंही फोडलेले नाहीत. रागांविषयी लिहिताना तांत्रिक भाषा टाळली आहे, आणि जिथं एखादी संज्ञा आली तिथं ती कानाला काय जाणवतं त्यावरून समजावली आहे. कुणाला पहिलं-दुसरं असे क्रमांक दिलेले नाहीत. लेख वाचून झाल्यावर मूळ कृतीकडं जावं. लेखांचं काम तिथं संपतं.

आता या लेखनामागची निकड. अर्नाळकरांची पुस्तकं हलक्या कागदावर छापली गेली होती. तो कागद पिवळा पडून चुरतो आहे, आणि वर्गणीची वाचनालयं बंद होताना ढीगच्या ढीग रद्दीत जात आहेत. पावरी वाजवणारे आणि बनवणारे हात कमी होत आहेत. आधुनिक इमारतींची अवस्था याहून नाजूक आहे. आपला पुरातत्त्व कायदा शंभर वर्षांहून जुन्या वास्तूंना संरक्षण देतो, आणि या इमारती त्या वयाला पोचलेल्याच नाहीत. राज रेवल यांनी रचलेलं दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स १९७२ साली उभं राहिलं आणि एप्रिल २०१७ मध्ये पाडलं गेलं. अहमदाबादच्या आयआयएममधली लुई कान यांची वसतिगृहं पाडण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. देशोदेशीच्या लोकांनी ती का राखावीत याची कारणं लिहून कळवली, तेव्हा १ जानेवारी २०२१ रोजी तो त्या वेळेपुरता मागं घ्यावा लागला. कारणं मांडता येणारे लोक असले म्हणजे काहीतरी वाचण्याची शक्यता उरते.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या आवडींची यादी करा, आणि प्रत्येक नावापुढं ते का आवडतं ते लिहा. आपल्या तालुक्यात पावरी, संबळ वाजत असतील किंवा कानबाईची गाणी गायली जात असतील तर ती वाजवणाऱ्या-गाणाऱ्या माणसांकडं जा, त्यांच्या परवानगीनं ध्वनिमुद्रण करा, त्यांची नावं नोंदवा. घरातल्या माळ्यावर जुन्या रहस्यकथा असतील तर त्या रद्दीवाल्याला देण्याआधी गावच्या ग्रंथालयाला विचारा. आपल्या गावातलं एखादं महाविद्यालय, बँक, एसटी स्थानक किंवा नाट्यगृह विचारपूर्वक बांधलेलं असेल तर त्याचा वास्तुरचनाकार आणि साल शोधून लिहून ठेवा, छायाचित्रं काढा. हे काम सरकारची वाट न पाहता, फारसा पैसा न लागता, कुणालाही आजपासून करता येण्यासारखं आहे. या पुस्तकामुळं दहा गावांत अशा दहा याद्या झाल्या, तर ते लिहिल्याचं सार्थक झालं असं मी मानेन.